परदेशातला रेस्क्यू कुत्रा पुण्यात आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन, दुबई, न्यू जर्सीहून कायमचं पुण्याला परतणाऱ्या कुटुंबांबरोबर हल्ली कुत्राही येतो आणि तो पुष्कळदा विकत घेतलेला नसतो, रेस्क्यू म्हणजे सोडवून दत्तक घेतलेला असतो. कुणी रोमानियातला असतो. तिथे २०१३ च्या कायद्यानुसार पालिकेच्या शेल्टरमधला कुत्रा १४ कामकाजाच्या दिवसांत कुणी नेला नाही, तर त्याला मारता येतं, म्हणून तिथली कुत्री ब्रिटन-जर्मनीत दत्तक जातात. कुणी दुबईबाहेरच्या वाळवंटात सोडून दिलेला सलुकी जातीचा शिकारी कुत्रा असतो. अशा कुत्र्याचा हा दुसरा, कधी तिसरा देश.

लोक विचारतात ते बहुतेक विमानाबद्दल. विमानाचं कसंबसं निभावतं, कारण तिथे प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी कागद बघत असतं. कुत्रं हरवतं ते घरी पोचल्यावर, उघड्या राहिलेल्या दारातून. म्हणून खाली दाराबद्दल जरा जास्तच लिहिलंय.

पुण्यात बसून परदेशातल्या शेल्टरमधला कुत्रा दत्तक घेता येतो का?

जवळजवळ नाही. एप्रिल २०१६ पासून व्यापारासाठी आणि ब्रीडिंगसाठी कुत्री आयात करायला बंदी आहे. पाळीव कुत्रा सामानाबरोबर आणण्याचा रुळलेला मार्ग आहे तो परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्यांसाठी, माणशी दोन प्राणी. त्यात बसत नसाल तर डीजीएफटीचा (केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो, आणि फोटो बघून मन बसलं हे कारण त्यासाठी पुरत नाही. नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी सरकारी पोर्टलवरचा चालू मजकूर स्वतः वाचा. एजंटने पाठवलेला जुना पीडीएफ नको.

स्पष्टच सांगायचं तर, तुम्ही पुण्यात आहात आणि घरात कुत्रा हवाय, तर परदेशाकडे बघायची गरज नाही. इथल्या संस्थांकडे आणि तात्पुरता सांभाळ करणाऱ्या फॉस्टर घरांत लसीकरण, नसबंदी झालेली देशी कुत्री वाट बघत आहेत, आणि त्यांना या हवेची, या गोंगाटाची सवय आहे.

‘कुत्रा फुकट आहे, फक्त विमानभाडं आणि कस्टमचे पैसे भरा’ असा मेसेज आलाय.

फसवणूक आहे. आधी भाडं, मग विमा, मग ‘क्वारंटाइनमध्ये अडकलाय, चोवीस तासांत पैसे पाठवा’, अशी मागणी वाढत जाते. कुत्रा नसतोच. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, जितक्या लवकर तितकं बरं.

कागद कुठले लागतात, आणि कधी सुरुवात करायची?

किमान तीन-चार महिने आधी. सगळ्यात आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस, याच क्रमाने. चिप नंतर बसवली तर ती लस याच कुत्र्याला दिली हे सिद्ध करता येत नाही. चिप १५ अंकी, आयएसओ प्रकारची हवी. रेबीजची लस प्रवासाच्या महिनाभर तरी आधी झालेली पाहिजे. बाकीच्या नेहमीच्या लसींची नोंद, निघण्याच्या थोडे दिवस आधीचं तिथल्या सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र, तुमचा पासपोर्ट आणि परदेशातल्या वास्तव्याचा पुरावा हे सगळं जोडून भारतातल्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन कार्यालयाकडून एनओसी घ्यायची. तिचा अर्ज आठवडा-दहा दिवस तरी आधी गेलेला बरा. एनओसी हातात नसताना कुत्र्याला विमानात चढवू नका. कागदांत खोट निघाली तर तीस दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवतात. आधीच बावरलेल्या कुत्र्याला ते फार जड जातं.

रेस्क्यू कुत्र्याच्या कागदांत एक नेहमीची अडचण असते. वय अंदाजे, जात ‘मिक्स’, आणि कुत्र्याच्या पहिल्या पासपोर्टवर तिसऱ्याच माणसाचं नाव. मालकी तुमच्या नावावर झाल्याचा कागद संस्थेकडून आधीच मागून घ्या, आणि सगळ्या कागदांवर चिपचा नंबर अंक न अंक सारखा आहे ना, हे दोघांनी बसून वाचा.

थेट पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरवता येईल का?

नाही. अ‍ॅनिमल क्वारंटाइनची केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद अशा मोजक्याच शहरांत आहेत. पुणेकरांनी मुंबई धरावी.

कुठल्या महिन्यात आणावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये मुंबईच्या धावपट्टीवर क्रेट (प्रवासाचा पिंजरा) थांबून राहिला तर उष्माघाताची भीती असते. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर बऱ्याच विमान कंपन्या उन्हाळ्यात घेतच नाहीत. आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुळीच नको, त्याबद्दल पुढे येतंच.

प्रवासासाठी झोपेचं औषध द्यावं का?

देऊ नका. गुंगीत कुत्र्याचा तोल राहत नाही, श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो आणि विमानात वर बघायला कुणी नसतं. अशा कुत्र्याला बऱ्याच कंपन्या नाकारतात. त्यापेक्षा दीड-दोन महिने आधी क्रेट घरात आणून ठेवा आणि जेवण त्यातच द्या. आत उभं राहता, वळता, ऐसपैस पडता आलं पाहिजे. पाण्याच्या भांड्यात आदल्या रात्री बर्फ लावून ठेवला तर चढवताना सांडत नाही, वाटेत हळूहळू वितळतो.

निघण्याआधी कुठल्या तपासण्या करून घ्याव्यात?

हे फारसं कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं. दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या कुत्र्यांत वालुमाशीतून पसरणारा लेशमॅनिया हा आजार आढळतो, आणि तो महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं लक्षणं न दाखवता अंगात राहतो. हार्टवर्म आणि ब्रुसेला कॅनिस यांचीही तपासणी करून घ्या. यातला ब्रुसेला माणसालाही होऊ शकतो, घरात गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर तो रिपोर्ट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुण्यातल्या व्हेटला पहिल्याच भेटीत हे सगळे रिपोर्ट दाखवा आणि कुत्रा मूळचा कुठला, तेही सांगा. नुसतं ‘लंडनहून आणलाय’ म्हटलं तर लेशमॅनिया त्यांच्या डोक्यात यायचं काही कारण नाही.

पुन्हा परदेशी जावं लागलं तर?

मग भारताकडे निघण्याआधीच रेबीजच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घ्या. युरोपीय संघातून निघताना हा रिपोर्ट घेतलेला असेल आणि इथे एकही रेबीज बूस्टर चुकला नाही, तर परतताना तीन महिने थांबावं लागत नाही. भारतात आल्यावर तपासणी केली की ते थांबणं आलंच. अमेरिकेनेही ऑगस्ट २०२४ पासून भारतासारख्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांसाठी नियम कडक केलेत.

मुंबईहून पुण्याला कसं आणायचं?

घरच्या किंवा ठरवलेल्या गाडीने, क्रेटमध्येच. साधारण दीडशे किलोमीटर, साडेतीन-चार तास धरा. शू करायला सोडायचं असेल तर गाडीची दारं-काचा बंद असताना आधी दोन पट्टे अडकवा, ते दोन वेगळ्या माणसांच्या हातात द्या, आणि मग दार उघडा. खालापूरच्या फूड मॉलवर क्रेट उघडू नका. ‘बिचारा किती वेळ आत आहे’ ही दया तिथे महागात पडते. एका बाजूला एक्सप्रेसवे, दुसऱ्या बाजूला अनोळखी रान, आणि कुत्र्याला तुमच्या गाडीचा रंगही माहीत नाही. वडापाव हवाच असेल तर एकाने गाडीत बसावं.

घरी पोचल्यावर ओवाळायचं का?

आई ऐकणार नसतील तर तुम्हालाच ओवाळू दे, कुत्र्याला नको. पहिले दोन-तीन दिवस एक खोली, एक अंथरूण, पाणी, आणि घरातल्यांपैकी एक-दोन माणसं. काका-काकू, शेजारी, कॉलेजचा ग्रुप सगळे महिनाभर थांबतील. त्याला हात लावायला जाऊ नका, खोलीत पाठ करून बसा, पेपर वाचा. यायचं तेव्हा तो येतो.

दाराचं एवढं काय आहे?

आपल्या घराचं दार दिवसभरात किती वेळा उघडतं ते एकदा मोजून बघा. दूधवाला, कचरा, धुणं-भांडी करणाऱ्या मावशी, कुरिअर, किराणा, शेजारच्या काकूंची वाटी. परदेशात जिथे तो राहिला तिथे दिवसातून चारदा उघडत असेल. इथे प्रत्येक वेळी समोर जिना आहे, खाली पार्किंग आहे, आणि गेट कायम अर्धवट उघडं.

म्हणून दोन दारांचा नियम करा. बाहेरचा जाळीचा दरवाजा आणि आतलं लाकडी दार एका वेळी दोन्ही उघडी राहता कामा नयेत. जाळीचा दरवाजा नसेल तर मुलांसाठी मिळतं तसं उंच फाटक पॅसेजमध्ये बसवून घ्या. बेल वाजली की कुत्रा आतल्या खोलीत, खोलीचं दार बंद, मग मुख्य दार. हे घरातल्या सगळ्यांना जमेपर्यंत सराव करा, आजोबांनासुद्धा. मावशींना कागदावर लिहून देऊ नका, दोन दिवस सोबत उभं राहून दाखवा. डिलिव्हरीवाल्यांना पार्सल बाहेरच ठेवायला सांगा. बेलचा आवाज कर्कश असेल तर ती महिनाभर काढूनच ठेवली तरी चालेल.

गॅलरीच्या गजांमधून डोकं जात असेल तर अंगही जातं असं समजा. कबुतरांसाठी लावतात ती मऊ जाळी कुत्र्याच्या वजनाला टिकत नाही. रो-हाउसमध्ये राहत असाल तर कंपाउंडची भिंत किती उंच आहे ते कुत्र्याच्या बाजूने बघा. कडेला कुंड्या, टाकी, स्कूटर काही असेल तर त्यावर चढून तो भिंत ओलांडतो. अंगणातसुद्धा पहिले काही आठवडे पट्ट्यानेच.

पट्टा कुठला घ्यावा?

घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, मागे सरकतो, आणि साधा गळपट्टा कानांवरून सहज निघतो. पोटाला दुसरा बंद असलेला हार्नेस घ्या, शिवाय मार्टिंगेल प्रकारचा, ओढल्यावर मर्यादेत घट्ट होणारा गळपट्टा. दोन्हीला वेगवेगळी दोरी, एक मनगटात, एक कमरेला. बाहेरून लोकांना जरा विचित्र दिसतं, दिसू दे. आपोआप लांब होणारा रीळवाला पट्टा घेऊ नका. हातातून सुटला की तो खडखडत कुत्र्याच्या मागे लागतो आणि कुत्रा आणखी जोरात पळतो.

गळ्यात भारतातला मोबाईल नंबर असलेला बिल्ला पहिल्या दिवसापासून हवा, देवनागरी आकड्यांत नको, साध्या मोठ्या अक्षरांत. चिप चांगलीच, पण चिप वाचायचं यंत्र प्रत्येक दवाखान्यात नसतं आणि ज्या परदेशी नोंदवहीत ती आहे तिथे तुमचा बंद पडलेला ब्रिटिश नंबर असतो. तो आजच बदला.

खात नाही, दोन दिवस शी नाही. काय करू?

वेळ बदलली आहे, पाणी बदललं आहे, वास बदललेत. एखादा दिवस नीट खाल्लं नाही तरी चालतं, पाणी मात्र प्यायलाच हवं. जुनंच खाणं आठवडाभराचं सोबत आणा आणि हळूहळू बदला. शू-शीसाठी शांत, ठरलेली एकच जागा ठेवा. अमेरिकेतून आलेल्याचा दिवस-रात्र उलटा असतो, रात्री तीनला उठवेल, उठा. उलट्या, सलग जुलाब, काळसर लघवी, पांढरट हिरड्या यांपैकी काही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे.

गल्लीतली कुत्री त्याला खातील का?

खाणार नाहीत, पण हाकलतील, आणि गोंधळ तिथेच होतो. पुण्यात प्रत्येक गल्लीची कुत्र्यांची ठरलेली हद्द असते. नसबंदी झालेल्यांच्या कानाला कापलेली खूण दिसते. ती कुत्री नसबंदी आणि लसीनंतर पुन्हा त्याच जागी सोडतात, कारण जागा रिकामी ठेवली तर तिथे नवी येतात. तुमचा कुत्रा त्यांच्या लेखी घुसखोर.

रोमानियाच्या रस्त्यावर वाढलेल्याला कुत्र्यांची भाषा येते. त्याला इतर कुत्र्यांची सवय आहे म्हणून बेफिकीर राहू नका, कारण रस्त्यावर असताना तो बाजूला होऊ शकायचा. आता पट्टा आहे, त्यामुळे पळता येत नाही, आणि पळता येत नाही म्हणून तो आधीच गुरगुरतो.

पहिले दोन आठवडे लांब फिरायला जाऊच नका, गच्ची किंवा पार्किंगचा बंद कोपरा पुरे. दरम्यान तुम्ही एकटे रोज त्या गल्लीतून जा, गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्या ताई किंवा दादांशी ओळख काढा. एकेका कुत्र्याचं नाव, स्वभाव त्यांना पाठ असतो. मग त्यांना सोबत घेऊन लांबून ओळख करून द्या. दुपारच्या सुमारास गल्लीतली कुत्री सुस्तावलेली असतात, रात्री उशिरा नसतात. भुंकत आली तर पळू नका, काठी फिरवू नका, कुत्र्याला उचलून डोक्यावर धरू नका. त्यांच्याकडे रोखून न बघता मध्ये उभे राहा आणि आल्या वाटेने हळू परत फिरा.

त्याला मराठी कळेल का?

महिन्याभरात. ‘चल’, ‘बस’, ‘नको’ हे शब्द तर लगेच. सगळ्यांनी तोच शब्द वापरला म्हणजे झालं.

घरात लहान मुलं आहेत.

खाताना, झोपलेला असताना आणि अंथरुणावर असताना मुलांनी जवळ जायचं नाही, मिठी मारायची नाही. मोठं माणूस समोर नसताना दोघांना एका खोलीत ठेवायचं नाही. नातेवाइकांची मुलं आली तर कुत्रा आत. पुण्यात ‘नाव काय’ च्या आधी ‘चावतो का’ विचारतात, त्याला खरं उत्तर द्या: ‘अजून माहीत नाही, लांबूनच बघा.’

आपलं जेवण देता येतं का?

भात, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन, लाल भोपळा, गाजर चालतं. पण आपल्या बहुतेक भाज्या-आमट्यांत कांदा-लसूण असतो, आणि तो कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो. बेदाणे-मनुकांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, तेव्हा प्रसादाचा शिरा कुणी प्रेमाने भरवायच्या आत थांबवा. चॉकलेट नाही. शुगर-फ्री गोळ्या, च्युइंगगम मुळीच नाही, त्यांत झायलिटॉल असू शकतं, ते कुत्र्याला विषारी असतं.

इथल्या हवेत काय सांभाळायचं?

गोचीड, सर्वांत आधी. थंड देशातल्या कुत्र्याचा एर्लिकिया, बेबेसिया या गोचिडांतून पसरणाऱ्या जंतूंशी बहुधा कधी संबंध आलेला नसतो आणि इथे टिक फीवर बारा महिने असतो. गोचीड मारणारी गोळी किंवा मानेवर घालायचं औषध प्रवासाच्या आधीपासूनच सुरू ठेवा. ताप, मरगळ, नाकातून रक्त दिसलं तर रक्त तपासा. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो. परदेशात दिलेल्या लसींत तो होता का ते बघा आणि डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. उन्हाळ्यात पालथा तळहात रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. हस्कीसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याचं मुंडण करू नका, केस उन्हापासूनही वाचवतात. विंचरत राहा.

गणपती आणि दिवाळी?

गणपतीचे दहा दिवस हा प्रश्नाचा छोटा भाग. ढोलताशा पथकांचा सराव त्याच्या किती तरी आधी नदीकाठच्या मोकळ्या जागांवर रोज संध्याकाळी सुरू होतो. पेठांत किंवा नदीजवळ राहत असाल तर सरावाच्या आधी फिरवून आणा. घरातली सगळ्यात आतली खोली निवडा, पडदे ओढा, पंखा आणि रेडिओ लावा, आणि तो पलंगाखाली गेला तर त्याला बाहेर ओढू नका. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या आसपास राहणाऱ्यांनी शक्य असेल तर कुत्र्यासकट दोन दिवस गावाबाहेरच्या नातेवाइकांकडे जावं, मात्र तिथली दारं आधी बघून या. दिवाळीत संध्याकाळी बाहेर नेणं बंद. खूप घाबरत असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला. औषध आधी देऊन बघावं लागतं, पहिली माळ वाजल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

सोसायटीने कुत्रा ठेवायला मनाई केली तर?

करता येत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही. पण हा कागद पहिल्याच दिवशी चेअरमनच्या तोंडावर मारू नका. घाण उचला, लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढच्या लिफ्टची वाट बघा, वॉचमनला कुत्र्याचा फोटो आणि तुमचा नंबर द्या. महापालिकेकडे नोंदणी करून परवाना घ्यायचा असतो, त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो. पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असाल तर तिथल्या महापालिकेकडे.

कुणाला चावला, किंवा त्याला रस्त्यावरचा कुत्रा चावला तर?

माणसाची जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या, महापालिकेच्या दवाखान्यांत ती मिळते. ‘आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे’ म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नका. कुत्र्याला चावा बसला तर तीच धुलाई, आणि लस झालेली असली तरी व्हेट सांगतील ते बूस्टर.

पळालाच तर?

मागे धावू नका, चारी दिशांना हाका मारत गर्दी जमवू नका. घाबरलेला कुत्रा स्वतःच्या माणसाच्या हाकेलाही पळतो. त्याचं अंथरूण आणि तुमचा न धुतलेला कपडा निसटल्या जागी ठेवा, शेजारी खाणं, आणि एकाने तिथेच शांत बसावं. बाकीच्यांनी फोटो छापून वॉचमन, रिक्षा स्टँड, चहाची टपरी, कचरा गोळा करणारे, कुत्र्यांना खाऊ घालणारे यांच्यापर्यंत पोचवावा. सकाळी लवकर कोण काय बघतं हे त्यांनाच माहीत असतं. फोटोवर एकच ओळ: ‘पकडू नका, दिसला की फोन करा.’ दिसला तर अंग वळवून बसा, तोंड फिरवा, चिकन टाका. जखमी सापडला तर रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या जखमी प्राण्यांवर काम करणाऱ्या संस्थेला कळवा.

किती दिवसांत रुळतो?

तीन दिवस बावरलेला, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं, असं ढोबळ गणित सांगतात. दुसऱ्या देशांतरात ते पुष्कळदा लांबतं. तिसऱ्या आठवड्यात बऱ्याच जणांना वाटतं की बिघडलाच. गुरगुरतो, सोफा फाडतो. खरं तर तो आता गप्प बसायचा थांबलेला असतो. तरी सहा महिने झाले आणि घरातलं कुणी घाबरून जगत असेल, तर शिक्षा न करता शिकवणाऱ्या ट्रेनरला बोलवा, आणि ज्या संस्थेकडून घेतला तिला कळवा. बहुतेक करारांत परत देण्याचं कलम असतं. इथून परत पाठवणं अवघड आहे, पण दुसरं घर शोधायला त्या मदत करतात.

वेताळ टेकडीवर मोकळं कधी सोडता येईल?

टेकडीवर नाहीच. तिथे मोर आहेत, इतर कुत्री आहेत, आणि सलुकीसारखा कुत्रा एकदा मोरामागे लागला की तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. हार्नेसच्या मागच्या कडीला दहा मीटरची दोरी लावा, सकाळी सहाला जा, पळू दे दोरीच्या लांबीइतकं. पट्टा काढून खेळायचं असेल तर चारी बाजूंनी बंद असलेलं मैदान भाड्याने मिळतं ते बघा, आणि आत शिरल्यावर आधी कुंपणाला एक फेरी मारून खालची भोकं तपासा.